भरावावरची वाट आणि भरावाखालची घरं

आजच्या भागात बचतीचा हिशेब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज इतिहास सांगायचा आहे, आणि तोही एका बंद पडलेल्या रेल्वेचा.

आमच्यापैकी बऱ्याचजणींचं माहेर नाही तर सासर शकुंतलेच्या रुळांजवळचं. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला जायचा, दुसरा अचलपूरला. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी एका खाजगी कंपनीने ही अरुंद रुळांची गाडी सुरू केली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. आता गाडी बंद आहे, रुळांत गवत आहे, आणि ब्रॉडगेज करा ही मागणी कितीतरी वर्षांची आहे. आम्हालाही गाडीच हवी आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून कुणी रागावायला नको. पण प्रश्न मनात येतोच, की गाडी थांबली की तिच्या खालच्या जमिनीचं काय होतं? ती कुणाची? आणि तिच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचं काय?

हे शोधत शोधत आम्ही अमेरिकेतल्या शिकागो शहरात जाऊन पोहोचलो. वाचून हो, विमानाने नाही.

शिकागो हे मिशिगन नावाच्या सरोवराच्या काठचं शहर. सरोवर म्हटलं तरी पलीकडचा काठ दिसत नाही, असं समुद्रासारखं. १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये या शहराला मोठी आग लागली. बरीचशी घरं लाकडी, वारा सुटलेला. सुमारे तीनशे माणसं गेली आणि लाखभर लोक बेघर झाले. शहर पुन्हा उभं करायचं तर लाकूड, विटा, लोखंड, कोळसा सगळं हवं, आणि ते आणायला रेल्वे हवी. दुसऱ्याच वर्षी, १८७२ मध्ये, शहराने एका रेल्वे कंपनीला ब्लूमिंगडेल नावाच्या रस्त्यावरून रूळ टाकायची परवानगी दिली. रस्त्याच्या बाजूने नव्हे, रस्त्यावरूनच. दोन्हीकडे घरं आणि मधून मालगाडी.

रूळ आले तसे कारखाने आले. लाकडी सामानाचे, चामड्याचे, यंत्रांचे. कारखाने आले तसे मजूर आले. जर्मनीतून, नॉर्वे-स्वीडनमधून, पोलंडमधून आलेली कुटुंबं या रुळांच्या आसपास राहू लागली. त्यांच्यासाठी जी घरं बांधली गेली त्यांची रचना लक्षात ठेवा, कारण पुढे सगळी गोष्ट या घरांवरच येते. घर दुमजली. एका मजल्यावर मालक राहायचा, दुसऱ्यावर भाडेकरू. मालकही काही श्रीमंत नव्हे, तोही कारखान्यातलाच कामगार. भाडेकरूच्या पैशावर त्याच्या घराचा हप्ता फिटायचा आणि भाडेकरूला परवडणाऱ्या भाड्यात जागा मिळायची. तालुक्याच्या गावात आपण नाही का बघत, खाली घरमालकीण आणि वरच्या खोल्यांत नोकरीला आलेलं जोडपं? तसंच.

रस्त्यातून मालगाडी जायची म्हणजे अपघात आलेच. शाळेत जाणारी मुलं, कारखान्यात निघालेल्या बाया, घोडागाड्या, सगळ्यांना रूळ ओलांडूनच जावं लागे. शहरभर हीच स्थिती होती. अखेर १८९३ मध्ये शहराच्या सभागृहाने ठराव केला, की रेल्वे कंपन्यांनी आपले रूळ उचलून वर न्यावेत आणि रस्ते खालून मोकळे सोडावेत. त्याच वर्षी शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि त्याला जोडूनच सर्वधर्म परिषद झाली, तीच, जिथे सप्टेंबरमध्ये स्वामी विवेकानंद बोलले. शाळेत आपण ते भाषण ऐकलं, पण भाषण झालं त्या शहरातले लोक तेव्हा रुळांखाली सापडत होते हे काही आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ठराव झाला म्हणून काम झालं असं नाही. ग्रामपंचायतीत आपल्याला हे नवं नाही. खर्च कंपन्यांच्या माथी होता, त्यामुळे त्या टाळाटाळ करत राहिल्या. ब्लूमिंगडेलचे रूळ वर जायला १९१० नंतरची वर्षं उजाडली. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या जाड भिंती घातल्या, मध्ये माती भरली आणि साधारण पाच मीटर उंच, चार किलोमीटरहून लांब असा भराव उभा राहिला. खालून जाणाऱ्या रस्त्यांसाठी सदतीस-अडतीस पूल ठेवले. वरून गाडी, खालून माणसं. घरांच्या मागच्या अंगणाला लागून आता भिंतच होती. दिवसरात्र वरून डबे खडखडत जात, धूर आणि काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसे. अशा जागी घराला भाव कसला? तिथे राहायला गेलं ते गरीबच.

ही गोष्ट इथेच थोडी थांबवून आपण शहराच्या पश्चिमेला जाऊ. बंद रुळांवरून माणसांनी चालावं ही कल्पना शिकागोच्या लोकांना पहिल्यांदा सुचली ती ब्लूमिंगडेलवर नव्हे, तिकडे. आणि ती सुचली एका सत्तरीच्या बाईला.

शिकागोपासून पश्चिमेच्या ऑरोरा आणि एल्गिन या गावांकडे विजेवरची एक प्रवासी रेल्वे जायची. रोज हजारो माणसं तिने कामाला यायची. १९५० नंतर मोटारींसाठी मोठा महामार्ग बांधायला घेतला आणि त्याच्या कामात या गाडीची शहराच्या मध्यापर्यंत जायची वाटच तुटली. माणसांना मध्ये उतरून दुसरी गाडी धरावी लागे. प्रवासी घटले, कंपनी तोट्यात गेली. १९५७ च्या जुलैच्या ३ तारखेला कोर्टाची परवानगी मिळताच कंपनीने भर दुपारी गाड्या बंद केल्या. सकाळी याच गाडीने कामाला गेलेली माणसं संध्याकाळी घरी यायला निघाली, तर गाडीच नाही! एसटी अचानक रद्द झाली की स्टँडवर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. इथे तर कायमचीच रद्द. आणखी दोन वर्षं मालाचे डबे चालले, मग तेही थांबले.

या रुळांजवळ मे थीलगार्ड वॉट्स नावाची बाई राहायची. तिचा जन्म १८९३ चा, म्हणजे तो रूळ वर उचलायचा ठराव झाला त्याच वर्षाचा. ती झाडाझुडपांची अभ्यासक होती. तिथल्या एका मोठ्या वृक्ष-उद्यानात तिने वर्षानुवर्षं लोकांना झाडं ओळखायला शिकवलं. तिच्या लक्षात आलं, की एवढी लांब, सपाट, सलग पट्टी शहराभोवती पुन्हा कधी मिळणार नाही. सप्टेंबर १९६३ मध्ये तिने शिकागोच्या मोठ्या वर्तमानपत्राला एक पत्र लिहिलं. सरकारला अर्ज नाही, मंत्र्याला निवेदन नाही, वाचकांच्या पत्रांत एक पत्र. म्हणणं साधं होतं. माणसाला चालायला पायवाट हवी. इथे ती करता येईल. पण या जागेवर डोळा ठेवून असलेले पुष्कळ आहेत, उशीर केला तर जागा हातची जाईल.

पत्र छापून आलं, आणि मग ती आणि तिच्या ओळखीचे लोक गावोगाव बोलत फिरले. त्यांत बायका पुष्कळ होत्या. क्लबात, शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये जाऊन त्या लोकांना सांगायच्या. कडेच्या घरांतले काही लोक घाबरले, की वाट झाली तर चोर येतील. १९६५ मध्ये त्यांनी संस्था नोंदवली. १९६६ मध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनाने जमीन वापरायला दिली. मग कचरा उचलणं, काटेरी झुडपं काढणं, खडी टाकणं हे काम लोकांनी श्रमदानाने केलं. आज ती वाट फाट्यांसकट शंभर किलोमीटरच्या जवळपास आहे. माणसं चालतात, सायकली चालवतात. अमेरिकेत रुळांच्या ज्या वाटा पुढे झाल्या त्यांतल्या अगदी पहिल्या काहींत तिची गणना होते. वॉट्सबाई १९७५ मध्ये वारली. तोवर वाट बऱ्यापैकी उभी राहिली होती.

मालकीचा प्रश्न मात्र पुढे चांगलाच पेटला. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नव्हती, रूळ टाकायचा फक्त हक्क होता. रूळ गेले की हक्क संपला आणि जमीन शेजारच्या शेतकऱ्याची झाली, असं शेतकरी म्हणत. सरकारने १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, की रेल्वे मार्ग कायमचा मोडीत न काढता राखून ठेवता येईल, आणि उद्या गरज पडली तर पुन्हा रूळ टाकता येतील या अटीवर तोवर लोकांना चालायला देता येईल. जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९० मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण ज्याची जमीन असेल तो भरपाई मागू शकतो, हेही मान्य केलं. ही तरतूद आम्हाला फार शहाणपणाची वाटते. वाट झाली म्हणून रेल्वेची आशा मेली असं होत नाही, आणि शेतकऱ्याला नुसतं गप्प बस असंही सांगितलं जात नाही.

आता परत आपल्या भरावाकडे येऊ.

१९५० नंतर त्या वस्त्यांतली जुनी कुटुंबं हळूहळू बाहेर पडली आणि त्यांच्या जागी पोर्टो रिको बेटावरून आलेली आणि मेक्सिकोतून आलेली स्पॅनिश बोलणारी कुटुंबं आली. पोर्टो रिकोच्या लोकांची आणखी एक गोष्ट आहे. ते आधी सरोवराच्या जवळ, लिंकन पार्क भागात राहत होते. तो भाग सुधारायचा म्हणून शहराने घरं पाडली, भाडी चढली आणि १९६० च्या दशकात त्यांना तिथून उठावं लागलं. उठून ते पश्चिमेला, हम्बोल्ट पार्क या वस्तीत आले. म्हणजे विकासाने एकदा उठवलेली ही माणसं. पुढे १९९५ मध्ये त्यांनी तिथल्या मुख्य रस्त्यावर दोन टोकांना लोखंडाचे भले मोठे झेंडे उभारले, रस्त्यावर कमान केल्यासारखे. आम्ही इथले आहोत, आता हलणार नाही, हे त्यांना लोखंडातच सांगावंसं वाटलं.

कारखाने एकेक करून बंद पडत गेले, माल ट्रकने जाऊ लागला. भरावावरून जाणाऱ्या गाड्या आठवड्याला काही, मग महिन्याला काही, आणि २००१ च्या सुमारास शेवटची. मग तिथे रान माजलं. वाऱ्याने, पाखरांनी आणलेल्या बियांची झाडं रुळांमधून वर आली. कुंपणाला पाडलेल्या भोकातून पोरं वर चढायची, म्हातारी माणसं फिरायला जायची. कायद्याने ती घुसखोरी होती. दारूच्या बाटल्याही तिथेच पडायच्या. या वस्त्यांत माणसं दाट आणि मोकळी जागा फारच थोडी. लोगन स्क्वेअर ही त्यातली एक वस्ती तर बागा-मैदानांच्या बाबतीत शहरातल्या सर्वांत गरीब वस्त्यांपैकी होती. मुलांनी खेळायचं कुठे, बायकांनी पाय मोकळे करायचे कुठे?

२००३ मध्ये आसपासच्या रहिवाशांनी एक मंडळ स्थापन केलं आणि भराव आम्हाला चालायला द्या ही मागणी लावून धरली. बैठका झाल्या, नकाशे झाले. वाटेचा उतार कुठे असावा, व्हीलचेअर वर कशी जाईल, रात्री दिवे किती, हे लोकांना विचारलं गेलं. २०१३ मध्ये काम सुरू झालं आणि २०१५ च्या जूनच्या ६ तारखेला वाट खुली झाली. एकूण खर्च सुमारे साडेनऊ कोटी डॉलर. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त पैसा केंद्र सरकारच्या अशा निधीतून आला, जो वाहनांची गर्दी आणि हवेचं प्रदूषण कमी करायला असतो. चालणं आणि सायकल हे बागेतलं मनोरंजन नाही, ती वाहतूक आहे, असं मानलं गेलं म्हणून हा पैसा मिळाला.

वाट खरोखर सुंदर आहे, त्यात शंका नाही. मध्ये काँक्रीटचा पट्टा आणि दोन्ही कडांना धावणाऱ्यांसाठी मऊ रबराची पट्टी, गुडघ्यांना हादरा बसू नये म्हणून. जुने पूल शक्य तिथे ठेवले. वर एकही मोटार नाही, एकही सिग्नल नाही. शाळेतलं पोर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चार किलोमीटर सायकलने जाऊ शकतं आणि त्याला एकही रस्ता ओलांडावा लागत नाही. आणखी एक गोष्ट तर आम्हाला फारच आवडली. एका कलावंत बाईने सुचवलं, की वाटेच्या पूर्ण लांबीवर पांढऱ्या फुलांची एकाच जातीची लहान झाडं लावायची. सर्व्हिसबेरी म्हणतात त्यांना. वसंतात सरोवरावरचा वारा थंड असतो, म्हणून सरोवराजवळच्या पूर्व टोकाची झाडं उशिरा फुलतात आणि पश्चिमेची आधी. फुलं पश्चिमेकडून पूर्वेकडे रोज थोडी थोडी सरकत जातात. हवामान बदलतंय का, हे लोक त्या फुलांच्या तारखांवरून बघतात. आपली आजी बहाव्याच्या फुलावरून पावसाचा अंदाज सांगायची, त्यातलाच हा प्रकार.

मग बिघडलं काय?

घराच्या मागची ती काजळीची भिंत आता शहरातली सर्वांत हवीशी शेजारीण झाली. ज्या घराला कुणी विचारत नव्हतं त्याच्या दाराशी दलाल येऊ लागले. शिकागोतल्या डीपॉल विद्यापीठाने २०१६ मध्ये किमतींचा अभ्यास मांडला. वाटेचं काम सुरू झाल्यापासून, म्हणजे २०१३ पासून, पश्चिम भागातल्या घरांच्या किमती सुमारे ४८ टक्क्यांनी चढल्या होत्या. पूर्व भागात मात्र १४ टक्क्यांच्या आसपासच. पूर्वेकडे आधीपासूनच पैसेवाले राहत होते, तिथे चढायला फारशी जागा नव्हती. पश्चिमेला स्पॅनिश बोलणारी कुटुंबं होती, कमी उत्पन्नाची, बहुतेक भाड्याने राहणारी. तिथेच भाव फुगला.

तुम्ही म्हणाल, किंमत वाढली तर चांगलंच की. ज्याचं घर आहे त्याचं चांगलं, तेही विकायचं असेल तर. राहायचं असेल तर घरपट्टी चढते, कारण तिकडे ती घराच्या बाजारभावाशी बांधलेली असते. भाडेकरूचं तर चांगलं कशातच नाही. आणि आता ती दुमजली घरं आठवा. नवा खरेदीदार यायचा, दोन्ही मजले एक करून एकाच कुटुंबाचं मोठं घर करायचा, नाहीतर सरळ पाडून नवं बांधायचा. एक घर विकलं की दोन कुटुंबांची जागा जायची आणि एकच कुटुंब यायचं. अशा रीतीने भाड्याची घरं गल्लीगल्लीने कमी होत गेली. कुणी काठी घेऊन उठवायला आलं नाही. फक्त भाडेकरार संपला आणि नव्या कराराचा आकडा परवडेना. शाळेतली पोरं कमी झाली, ओळखीचा किराणावाला गेला, ज्या शेजारणीकडे मूल ठेवून कामाला जायचं ती शेजारीणच गेली. आपल्या गटात दहाजणी एकमेकींना जामीन राहतात त्या कशाच्या जोरावर? वीस वर्षांच्या शेजाराच्या. तो शेजार मोडला तर कुठल्या बँकेत मिळणार?

हे होणार याची भीती काही रहिवाशांनी वाट व्हायच्या आधीच बोलून दाखवली होती. वाटेसाठी निधी गोळा झाला, आराखडा झाला, झाडांच्या जाती ठरल्या. पण कडेच्या घरांसाठी त्या वेळी काहीच बांधून घेतलं गेलं नाही. आमच्या मते चूक वाट करण्यात नव्हती, वाट आधी आणि घरं मागाहून या क्रमात होती. वाटेमुळे शेजारच्या जमिनीचा भाव वाढणार हे दलालांना कळत होतं, मग योजना करणाऱ्यांना कळत नव्हतं असं कसं म्हणायचं?

लोक मात्र गप्प बसले नाहीत. वस्तीतल्या संघटनांनी घरोघरी जाऊन भाडेकरूंना जमवलं. २०१६ मध्ये ते याच वाटेवरून फलक घेऊन चालले. महापालिकेने घर पाडण्यावर शुल्क लावावं, ही त्यांची मागणी. ती मान्य व्हायला २०२१ उजाडलं. तेव्हा शहराने या वाटेच्या आसपास दोन नियम केले. एक, ज्या गल्लीत बहुतेक घरं दोन-तीन कुटुंबांची आहेत तिथे त्यांचं एका कुटुंबाचं घर करायला आळा. दुसरा, घर पाडायचं असेल तर किमान १५ हजार डॉलर जास्तीचं शुल्क. हा पैसा परवडणाऱ्या घरांच्या कामाला जायचा. २०२४ मध्ये हे शुल्क आणखी वाढवलं, आणि मालक इमारत विकायला काढेल तेव्हा विकत घ्यायची पहिली संधी भाडेकरूंना द्यायची, असंही ठरलं. वाट खुली झाल्यावर सहा-नऊ वर्षांनी हे झालं. दरम्यान गेलेली कुटुंबं परत आली नाहीत.

या संघटनांनी आणखी एक गोष्ट केली. तिच्यासाठीच खरं तर आम्ही हा विषय निवडला. त्यांनी मिळून एक जमीन-ट्रस्ट उभा केला. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘इथेच राहणार’. त्याची रीत अशी. ट्रस्ट घर विकत घेतो. मग घर कुटुंबाला कमी किमतीत विकतो, पण घराखालची जमीन विकत नाही. जमीन ट्रस्टकडेच राहते, कुटुंबाला ती दीर्घ कराराने वापरायला मिळते. कुटुंब तिथे हवं तितकं राहील, मुलांना देईल. विकायचं झालं तर ठरलेल्या मर्यादेतच किंमत घ्यायची, म्हणजे पुढच्या गरीब कुटुंबालाही ते परवडेल. जमीन बाजारात जातच नाही, त्यामुळे दलालाला तिथे शिरायला जागा नसते.

ही रीत शिकागोची नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात, काळ्या शेतमजुरांनी मतदानाचा हक्क मागितला म्हणून जमीनदारांनी त्यांना झोपड्यांतून हाकललं. तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांनी १९६९ मध्ये हजारो एकर जमीन सामूहिक मालकीची म्हणून घेतली. अशा प्रकारचा अमेरिकेतला तो पहिला जमीन-ट्रस्ट मानतात. तो आखणाऱ्यांनी जगातले दाखले शोधले होते. एक इस्रायलमधला होता. दुसरा आपल्या पवनारच्या विनोबांचा.

हो, विनोबांचाच. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदान सुरू झालं हे आपण ऐकलेलं असतं. पण दानात मिळालेली जमीन एकेकट्या भूमिहीनाच्या नावावर केली की काही वर्षांत ती कर्जापायी पुन्हा सावकाराकडे जाते, हे हळूहळू ध्यानात आलं. म्हणून ग्रामदान आलं. जमिनीची मालकी गावाची, कसणं कुटुंबाचं, आणि गावाबाहेर विक्री नाही. जॉर्जियाच्या ट्रस्टमागच्या माणसांनी यातलंच सूत्र उचललं, की जमीन सगळ्यांची ठेवा आणि वापर ज्याचा त्याला द्या. वर्ध्याजवळच्या आश्रमात बसलेल्या, पायी देश फिरलेल्या म्हाताऱ्याचा विचार जॉर्जियातून फिरत फिरत शिकागोतल्या मालगाडीच्या भरावाखाली, एका दुमजली घराच्या करारनाम्यात जाऊन बसला. आपल्याकडे महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४ पासून आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २०१३ मध्ये ग्रामदानाचा ठराव घेतला. बाकी आपल्याला तो कायदा आहे हेही कुणी सांगत नाही.

शिकागोच्या जमीन-ट्रस्टकडे घरं फार नाहीत. बाजाराचा भाव एवढा चढल्यावर एकेक घर घ्यायला खूप पैसा लागतो. हेच काम भाव चढायच्या आधी, गाड्या बंद पडून भरावावर गवत वाढत होतं तेव्हा केलं असतं तर तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त घरं आली असती.

आता आपल्या इकडे. शकुंतला पुन्हा धावो, ब्रॉडगेज होवो, नाहीतर तिथे आणखी काही होवो. जे होईल त्याची मोजणी येईल तेव्हा कागद मागितले जातील. म्हणून एक काम गटांवर सोपवतो. पुढच्या बैठकीत रुळांपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या बायांची यादी करा. घर कुणाच्या नावावर आहे, नमुना आठवर बाईचं नाव लागलंय का, की नुसती सासऱ्याच्या काळापासूनची वहिवाट आहे, हे प्रत्येकीसमोर लिहा. भाड्याने राहणाऱ्या असतील तर त्यांचीही वेगळी नोंद करा, त्यांना वगळू नका. यादी प्रभाग संघाच्या बैठकीत आणून द्या. नाव लावायचा अर्ज कसा करायचा, ग्रामपंचायतीत कोणते कागद लागतात, हे आपण पुढच्या मंगळवारी याच वेळी बोलू.